अन्नवस्त्र आणि वांटा

कृष्णेच्या कांठीं वसलेल्या वाई गांवीं प्राज्ञपाठशाळेनें धर्मकोशाचें प्रचंड काम हातीं घेतलें, आणि त्यांतील व्यवहारकांडाचे भाग १९३७ सालापासून प्रसिद्ध होऊं लागले. जुन्या स्मृति, त्यांवरील टीका आणि निबंध यांतील न्यायव्यवहाराचीं वचनें विषयवार लावून ठेवण्याचा हा उद्योग होता. त्यांतील दायभागाचें, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीच्या वांटणीचें, प्रकरण चाळणारास एक लहानसा शब्द भेटतो. तो शब्द ‘निरंशक’. ज्याला अंश नाहीं तो निरंशक. जन्मांध, बहिरा, मुका, पांगळा, वेडा, जडबुद्धि, असाध्य रोगानें ग्रासलेला, अशी एक यादीच त्या शब्दाखालीं येते. आणि त्याच्या जोडीला दुसराही एक शब्द उभा असतो : ‘भर्तव्य’. ज्याचें भरणपोषण केलेंच पाहिजे, तो भर्तव्य. घरांत त्याला ताट मिळेल, वस्त्र मिळेल. मात्र ज्या घरांत तें ताट मांडलें जाईल त्या घराची एक वीटही त्याची असणार नाहीं.

सातारा-सांगली भागांतील अपंग माणसांच्या आयुष्यांत कायद्यानें काय फरक पाडला, हें पाहावयाचें तर या दोन शब्दांपासूनच प्रारंभ करणें सोयीचें आहे. मौज अशी कीं, वाईच्या पंडितांनीं हीं वचनें ग्रंथांत बांधलीं तेव्हां न्यायालयांत त्यांची सत्ता बव्हंशीं संपलेली होती. नऊ वर्षांपूर्वींच, १९२८ सालीं, मध्यवर्ती कायदेमंडळानें ती काढून घेतली होती.

या भागांत वारसाहक्काच्या कामीं मिताक्षरेचा अधिकार पहिला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही विज्ञानेश्वराची टीका कांहीं दूरदेशीं लिहिली गेलेली नाहीं. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरींत, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथें, सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं ती सिद्ध झाली. विज्ञानेश्वराला निर्दय म्हणणें अन्यायाचें होईल. वांटणीच्या वेळीं जें व्यंग असेल तेंच बाधक, असें तो सांगतो; एकदां ज्याचा हिस्सा त्याच्या हातीं पडला त्याच्याकडून तो मागाहून आलेल्या व्यंगामुळें काढून घेतां येत नाहीं. औषधोपचारानें व्यंग नाहींसें झालें तर हक्क पुन्हा जागा होतो. निरंशकाचा निर्दोष मुलगा आजोबाच्या मिळकतींत वांटा घेतो. मुलींचें लग्न होईपर्यंत पोषण, आणि निपुत्रिक पण सदाचरणी पत्नीचें पोषण, हेंही कुटुंबावर बंधनकारक. ज्या काळीं अनाथालयें नव्हतीं आणि पेन्शनें नव्हतीं, त्या काळांत ही तजवीज लहान म्हणतां येणार नाहीं. दोष होता तो वेगळाच. अन्नवस्त्र मिळे तें देणाऱ्याच्या हातून, आणि वांटा असतो तो स्वतःच्या नांवावर. या दोहोंतील अंतर कागदावर फारसें दिसत नाहीं, घरांत दिसतें.

एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. कृष्णाकांठची बागाईत जमीन, गांवांत चौसोपी वाडा, तीन भाऊ. त्यांतला मधला जन्मांध. वडील आहेत तोंवर तिघेही एकाच पंक्तीला बसतात, आणि ‘निरंशक’ हा शब्द कोणाला ठाऊकही नसतो. वडील जातात, थोरल्याचें आणि धाकट्याचें बिनसतें, आणि मग कोणी तरी वकिलाच्या ओसरीवरून तो शब्द घरीं घेऊन येतो. जमिनीचे तीन तुकडे पडावयाचे ते दोनच पडतात. मधल्यानें राहावयाचें कोणाकडे, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे कीं काय, एवढाच वाद उरतो. नांवावर जमीन नाहीं म्हणून सावकार त्याला दारांत उभा करीत नाहीं. नांवावर जमीन नाहीं म्हणून मुलीचा बाप त्याच्या घरीं येत नाहीं. शास्त्रानें निर्दोष मुलाच्या द्वारें वांटा परत मिळण्याची वाट ठेविली होती खरी. पण वांटा नाहीं म्हणून लग्न नाहीं, आणि लग्न नाहीं म्हणून तो मुलगाही नाहीं.

सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें, आणि पुढें असले तंटे इंग्रजी अमदानींतील दिवाणी न्यायालयांपुढें येऊं लागले. न्यायाधीशांना हा नियम फारसा रुचत नसावा. तो रद्द करणें त्यांच्या हातीं नव्हतें; अरुंद करणें होतें, तें त्यांनीं केलें. मुंबईच्या हायकोर्टानें १८७६ च्या सुमारास असें ठरविलें कीं, अंधत्व वारसाहक्काच्या आड यावयाचें तर तें जन्मापासूनचें असलें पाहिजे. देवींच्या आजारांत डोळे गेलेला मनुष्य त्यामुळें वांचला. जन्मांध तसाच राहिला. महारोगाच्या बाबतींतही सौम्य रोग बाधक नाहीं, तीव्र स्वरूपाचा असला तरच हक्क जातो, असा भेद करण्यांत आला. व्यंग सिद्ध करण्याचा भार, व्यंग आहे असें म्हणणाऱ्यावर. नियम सौम्य झाला, पण त्याबरोबर एक चमत्कारिक गोष्ट घडली. भावाभावांच्या दाव्यांत माणसाच्या शरीराचीच चौकशी होऊं लागली : जन्मला तेव्हां त्याला दिसत होतें कीं नव्हतें, बोटें झडलीं तीं केव्हां, जखमा वाहत्या आहेत कीं कोरड्या. वांटा मागणाऱ्यानें आधीं आपला देह तपासून घ्यावयाचा, ही रीत तेव्हां पडली. ती अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं, हें पुढें दिसेलच.

१९२८ सालचा बारावा कायदा, हिंदु वारसाहक्कांतील अपात्रता दूर करणारा, अवघ्या तीन कलमांचा आहे. केवळ रोग, विरूपता किंवा शारीरिक अथवा मानसिक व्यंग एवढ्याच कारणास्तव कोणाही हिंदु माणसास वारसाहक्कांतून किंवा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीच्या हिश्शांतून वगळतां येणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. अपवाद एकच ठेविला : जो जन्मापासून वेडा किंवा जडमूढ आहे तो. बंगालच्या दायभाग-संप्रदायास हा कायदा लागू नव्हता. मिताक्षरेच्या प्रदेशास होता. पूर्वीं प्राप्त झालेले हक्क त्यानें उकरून काढले नाहींत. ज्यांच्या वांटण्या आधींच होऊन गेल्या होत्या, ते निरंशक निरंशकच राहिले.

आणि एक बारीकशी अट त्यांत होती, तिकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. धार्मिक अधिकार, देवाची सेवा, देवस्थानची किंवा धर्मादायाची वहिवाट, यांत पूर्वीं नसलेला हक्क या कायद्यामुळें कोणासही मिळणार नाहीं, असें तिसऱ्या कलमांत म्हटलें आहे. वाई, माहुली, औदुंबर अशा कृष्णाकांठच्या क्षेत्रीं कित्येक घरांचें उत्पन्न देवळांतील पूजेच्या पाळीवर अवलंबून असे; तेथें या अटीचें महत्त्व किती हें सांगावयास नको. आंधळ्या भावाला कायद्यानें शेतांत वांटा दिला. गाभाऱ्यांत दिला नाहीं.

शिवाय हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. ज्याला आज सांगली जिल्हा म्हणतात तो प्रदेश त्या वेळीं एका सत्तेखालीं नव्हताच. तासगांव, वाळवें, खानापूर हे सातारा जिल्ह्याचे तालुके, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी, मिरजेचीं थोरली आणि धाकटी अशीं दोन पातीं, कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचें, पूर्वेस जत. तासगांवचा शेतकरी गाडी जुंपून सांगलीच्या पेठेंत गूळ घेऊन येई, तो वाटेंत एक कायदा मागें टाकून दुसऱ्या कायद्यांत शिरे. ब्रिटिश मुलखांतला कायदा संस्थानांत आपोआप चालत नसे. दरबारानें तो स्वीकारावा लागे. म्हणजे जन्मांधाचा हक्क त्याच्या डोळ्यांवरून ठरण्याचें बंद झालें, तें जमीन शिवेच्या कोणत्या बाजूस आहे यावरून ठरूं लागलें. मार्च १९४८ मध्यें दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला. १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. संस्थानें गेल्याचें दुःख करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या संस्थानिकांनीं शाळा-ग्रंथालयांसाठीं केलेलें काम पाहतां तें समजण्यासारखेंही आहे. पण एका शिवेच्या दोन्ही बाजूंच्या आंधळ्यांना एकच कायदा मिळाला तो विलीनीकरणामुळें.

मुलीची कथा निराळी. १९२८ च्या कायद्यानें आंधळ्या मुलाला भावांच्या ओळींत बसविलें. परंतु त्या ओळींत डोळस मुलीलाही जागा नव्हती, तेथें आंधळीला कोठून असणार? १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें बापाच्या मिळकतीची वारस म्हणून मुलीला मान्य केलें. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमानें रोग, व्यंग किंवा विरूपता यांमुळें कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाहीं, असा निकाल लावला, आणि जन्मतः वेडा असलेल्यापुरता जो अपवाद उरला होता तोही नाहींसा केला. एकत्र कुटुंबांतील जन्मसिद्ध हिस्सा मात्र महाराष्ट्रांतल्या मुलीला १९९४ च्या दुरुस्तीनें मिळाला, तोही तोंवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. सर्व देशांत तो २००५ सालीं आला. अंध भावाला जें १९२८ सालीं मिळालें, तें महाराष्ट्रांतील अंध बहिणीच्या दारापर्यंत येण्यास सहासष्ट वर्षें लागलीं.

जमिनीच्या वांटणीखेरीज दुसराही एक हिशेब याच काळांत सुरू झाला होता. सातारा जिल्हा शिपायांचा. पहिल्या महायुद्धांत एकट्या अपशिंगे गांवचे सेहेचाळीस जवान कामीं आले. त्या गांवास आज अपशिंगे मिलिटरी असेंच म्हणतात. मेलेल्यांची संख्या दगडावर कोरली जाते. हातपाय गमावून परत आलेल्यांची नोंद पेन्शनच्या कागदांत राहते. अशा जवानांना कांहीं हुन्नर शिकवावा म्हणून १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीच्या नांवानें एक शाळा निघाली. ती पुढें खडकीस आली. जखमी शिपायाला मिळणारें पेन्शन ही भाऊबंदांची मेहेरबानी नव्हती. तें सरकारचें देणें होतें, आणि गांवांत तें सर्वांना ठाऊक असे.

मग १९२३ सालीं कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टांत मनुष्यदेहाचें एक दरपत्रकच दिलें होतें. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० उणी झाली असें धरावें. डावा असेल तर ६०. पाय गुडघ्यापासून वर गेल्यास ६०. एक डोळा ३०, हाताचा आंगठा २५. डावखुऱ्या कामगाराचें काय करावें, हें पाहण्याची कायद्याला सवड नव्हती! दरपत्रक वाचून अंगावर कांटा येतो हें खरें. पण गिरणींत हात सांपडलेल्या मनुष्याला त्यापूर्वीं मालकानें हातावर ठेवलेल्या पैशावरच समाधान मानावें लागे, हेंही विसरतां येत नाहीं. येथेंही शिवेचा प्रश्न होताच. किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर वसविलेला कारखाना औंध संस्थानांत होता. ब्रिटिश हिंदुस्थानचें हें दरपत्रक तेथें आपोआप लागू होण्यासारखें नव्हतें.

हक्क देणाऱ्या कायद्यांबरोबर हक्क घेणाराही एक कायदा नांदत होता. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडलें आणि मिरज हें औषधोपचाराचें मोठें स्थान झालें. महारोग्यांच्या शुश्रूषेची वेगळी व्यवस्थाही मिशननें तेथें केली. डॉक्टर या रोग्यांना जवळ करीत असतां कायदा त्यांना दूर करीत होता. १८९८ चा महारोग्यांचा कायदा जेथें जेथें लागू केला जाई, तेथें भीक मागणाऱ्या निर्धन महारोग्याला पोलिसानें वॉरंटावांचून पकडावें, तपासनिसानें दाखला द्यावा आणि मॅजिस्ट्रेटनें त्यास आश्रमांत धाडावें, अशी व्यवस्था होती. खाण्याचे पदार्थ विक्रीसाठीं तयार करणें, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणें, भाड्याच्या गाडींत बसणें या गोष्टी त्याला मना करतां येत. म्हणजे १९२८ नंतर महारोगी मनुष्याला भावाकडे शेताचा वांटा मागतां येई, परंतु दाव्याच्या तारखेस कोर्टांत जाण्यासाठीं टांग्यांत बसणें त्याला मना असूं शके. सल्फोन जातीच्या औषधांनीं १९४० नंतर हा रोग आटोक्यांत येऊं लागला. पुढें अनेक औषधांच्या एकत्र योजनेनें तो पुरता बरा होऊं लागला. कायद्याची चाल औषधाइतकी जलद नाहीं. १८९८ चा तो कायदा केंद्राच्या पुस्तकांतून २०१६ सालीं निघाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण असण्याचें २०१९ सालीं बंद झालें.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांची हकीकत बहुतेकांस परिचित आहे. ती थोडक्यांत सांगितली तरी पुरे. १९७७ सालीं केंद्र सरकारनें आपल्या खालच्या श्रेणींच्या नोकऱ्यांत अपंगांसाठीं शेंकडा ३ जागा राखल्या, त्या केवळ हुकुमानें. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलांत आला, आणि त्या जागांना कायद्याचा आधार मिळाला. नंतर संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, तो भारतानें २००७ सालीं मान्य केला. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम आला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांतील जागा शेंकडा ४, उच्च शिक्षणांत शेंकडा ५. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतील शेंकडा ५ रक्कम दिव्यांगांसाठीं खर्चावी असा नियम आहे. गांवोगांवच्या ग्रामसभांत आतां त्या पैशाचा हिशेब विचारणारीं माणसें कुबड्या टेकीत उभीं राहतात.

मात्र राखीव जागांचा लाभ घ्यावयाचा तर व्यंग निदान शेंकडा ४० असल्याचा दाखला लागतो. त्यासाठीं वैद्यकीय मंडळापुढें जावें लागतें. जत किंवा आटपाडीहून सांगलीस, पाटणच्या डोंगरांतून सातारला, ज्याला चालतां येत नाहीं त्यानेंच एस्. टी. च्या पायऱ्या चढून यावयाचें, आणि तेथें त्याच्या गुडघ्याचा, कानाचा, नजरेचा आंकडा निघावयाचा. एकोणचाळीस निघाला तर परत जावयाचें. १९२३ चें दरपत्रक आणि १८७६ ची चौकशी यांची ही वारसदार मंडळी. फरक आहे, आणि तो मोठा आहे : तेव्हां देह तपासला जाई तो वांटा नाकारण्यासाठीं, आतां तपासला जातो तो देण्यासाठीं. तरी तपासला जाणाऱ्याला दोहोंतला भेद त्या खोलींत जाणवत असेलच असें नाहीं.

२०१६ च्या कायद्याचें एक कलम या इतिहासांत विशेष महत्त्वाचें आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तेराव्या कलमानें दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनें मालमत्ता बाळगण्याचा व वारसाहक्कानें मिळविण्याचा, आणि आपला पैसाअडका आपण सांभाळण्याचा हक्क दिला आहे. जुना ‘निरंशक’ येथें शेवटचा पुसला गेला. परंतु कायदा तेवढ्यावर थांबत नाहीं. जो मनुष्य दिव्यांगाला व्यवहारांत साहाय्य करतो, त्याचाच त्या व्यवहारांत हितसंबंध गुंतला असेल, तर त्यानें त्या व्यवहारापुरतें साहाय्य करण्यापासून दूर राहिलें पाहिजे, असें तें कलम बजावतें.

हें कलम ज्यानें लिहिलें त्यानें एखादा वाडा जवळून पाहिला असला पाहिजे. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सर्वांचीं नांवें चढतात, बहिणींचीं आणि अंध भावाचींही. मग एके दिवशीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्र तयार होतें. “तुला सांभाळायला आम्ही आहोंतच कीं,” असें सांगून भाऊच भावाचा आंगठा शाईंत बुडवितो, आणि कागदावर त्याची जागा दाखवितो. जोरजबरदस्ती नसते, बहुधा दुष्टावाही नसतो. देणाराला खरोखरच वाटत असतें कीं, दोन वेळचें जेवण आणि सणाला कपडा दिला कीं आपलें कर्तव्य झालें. ‘भर्तव्य’ हा शब्द कायद्यांतून गेला तो अशा रीतीनें घरांत राहावयास आला आहे. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशांसाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें जिल्हाधिकाऱ्याच्या समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली, आणि पालकाकडून मिळकतीचा हिशेब मागण्याचीही केली. ज्यांना स्वतःचें मन स्वतः सांगतां येतें अशा आंधळ्या-पांगळ्यांना पालक लागत नाहीं. त्यांना लागतो तो दस्त वाचून दाखविणारा तिऱ्हाईत.

वांटा म्हणजे केवळ जमीनच नव्हे. या मुलखांत बेंदराला पहिला बैल कोणाचा, पालखीला पुढचा खांदा कोणाचा, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत आले आहेत. मानाचाही वांटा असतो, आणि तो नाकारला गेला तर तो शेतापेक्षां कमी लागत नाहीं. इस्लामपूरजवळच्या पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत होते. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें अंग लुळें पडलें. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवांत पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो जागतिक उच्चांक होता, आणि पॅरालिंपिकमध्यें भारताला मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक होतें. त्या वेळीं देशांत अपंगांच्या हक्कांचा कोणताही कायदा नव्हता. १९८२ सालीं त्यांनीं अर्जुन पुरस्कारासाठीं अर्ज केला. तो नाकारण्यांत आला. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आटपाडी तालुक्यांतील करगणीचे सचिन खिलारी हे पुढच्या पिढीचे. शाळकरी वयांत सायकलवरून पडून त्यांचा हात कायमचा जायबंदी झाला. ते इंजिनियर झाले, गोळाफेकीकडे वळले, आणि ४ सप्टेंबर २०२४ रोजीं पॅरिस येथें १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें.

१७ जानेवारी २०२५ रोजीं राष्ट्रपतिभवनांत राष्ट्रीय क्रीडापुरस्कार देण्यांत आले. त्या दिवशींच्या यादींत सांगली जिल्ह्यांतले हे दोघेही होते : खिलारी यांना अर्जुन पुरस्कार, आणि ऐंशी वर्षांच्या पेटकरांना जीवनभराच्या कामगिरीसाठीं तोच पुरस्कार. खिलारी यांच्या पॅरिसच्या पदकाला त्या वेळीं साडेचार महिने झाले होते. पेटकरांच्या पदकाला बावन्न वर्षें.